दादाचा गुद्दा

आमच्या दादासारखा वेल्डर कंपनीत दुसरा नव्हता, आणि त्याच्यासारखा तापट माणूसही नव्हता. मी त्याची सख्खी बहीण, त्याच्या हातचे फटके मीही खाल्लेत. तेव्हा मला कोणी शिकवायला येऊ नये.

तेलविहिरीवर यंत्रं अशी धडधडायची की शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही. म्हणून धोका दिसला की मुकादम सरळ पाठीत गुद्दा घालायचा. गुद्दा बसला की हातातलं काम सोडायचं. कारण विचारायचं नाही. त्याने जीव वाचले, मान्य. पण मेली ती सवय घरी आली! पोर चुलीजवळ गेलं, गुद्दा. बायको जास्त बोलली, गुद्दा. सुट्टीच्या दिवशी गुत्त्यासमोर दात पडायचे आणि सकाळी तेच लोक शेजारी बसून डबा खायचे. गाव मात्र तेव्हा तोऱ्यात होतं. पक्की घरं, इस्पितळ, सिनेमा, काही विचारू नका.

मग तेल आटलं. आधी साहेब गेले, मग डॉक्टर, मग रस्त्यावरचे दिवे. मागे राहिलेल्यांनी दारं-खिडक्या उपटून भंगारात घातल्या. एका पंपावरून दोन चुलतभाऊ पहारी घेऊन भिडले, एकाचा डोळा गेला. कोणाला काही वाटलंसुद्धा नाही.

शेवटी उरली ती मोठी तेलाची टाकी. आमच्या धाकट्या भावाचा, बारक्याचा, तिच्यावर डोळा होता. तो कंपनीत ड्रायव्हर. टाकी रिकामी म्हणजे धोका नाही, असं त्याचं गणित. पण रिकाम्या टाकीत तेलाची वाफ कोंडलेली असते. आधी पाणी भरल्याशिवाय तिला कापायला घेतलं की माणसासकट उडते. दादाला हे पाठ होतं. मला नंतर कळलं.

एके दिवशी सकाळी मी आणि दादा तिथे पोचलो तेव्हा बारक्या गॅसकटर पेटवायच्या बेतात होता. दादाने काय करावं? पहार उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर घातली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. बारक्या मातीत गडबडा लोळायला लागला.

"परत दिसलास तर दुसराही मोडीन," एवढंच बोलून दादा चालू लागला.

दादाला टाकी स्वतःसाठी हवी आहे, असं बारक्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. बारक्याच्या मेव्हण्याला, त्याच्या बायकोच्या भावाला, तर चेवच चढला. म्हातारा टाकी ढापायच्या आत आपण कापू, म्हणून दुपारी तो गेला.

स्फोटाने आमच्या घराचे पत्रे उडाले. मेव्हण्याचा एक बूट गल्लीत येऊन पडला, आत पाय तसाच होता.

बारक्याच्या बायकोला जुन्या कामगारांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी ती दादाच्या दारात आली.

"वाफेचं तुम्हाला माहीत होतं?"

दादाने होय म्हणून मान हलवली.

"मग तोंड शिवलं होतं का? आता कुठली यंत्रं धडधडताहेत या गावात? हळू बोलला असतात तरी ऐकू आलं असतं की हो!"

दादा उठला, तिच्याकडे पाठ केली आणि खाली वाकला. तिने मारावं म्हणून.

"माझा भाऊ गेला!" ती किंचाळली. "बोला ना काहीतरी!"

दादा वाकूनच राहिला.