बारावी पिन

अण्णा गेल्याचं सांगायला रामसेवकजी आले, तेव्हा मी सहामाहीचे गणिताचे पेपर तपासत होते. हावड्याहून फेरीबोट, मग ट्राम, मग भवानीपूरच्या आमच्या गल्लीपर्यंत पायी. एवढं अंतर त्यांनी तोंडात एकच वाक्य धरून कापलं असणार. दारातच म्हणाले, "दीदी, साहब नहीं रहे." कारखान्यात, तपासणीच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच तो गेला होता. मी हातातला पेपर पुरा केला, मार्क मांडले आणि चपला घातल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

अण्णा माझा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी शाळेतली नोकरी तशीच ठेवून त्याच्याकडे राहायला आले. आम्ही आजोबांपासून कलकत्त्यात, त्यामुळे मराठी उंबऱ्याच्या आत. बाहेर बंगाली, हिंदी, इंग्रजी, जो भेटेल त्याप्रमाणे. हावड्याच्या एका लहान कारखान्यात तो इन्स्पेक्टर होता. लढाऊ विमानांच्या दुरुस्तीला लागणारे बारीकसारीक भाग तिथे बनत आणि बराकपूरकडच्या हवाई दलाच्या एका डेपोत जात. रामसेवकजी तिथले फोरमन, मूळचे बिहारातल्या छपऱ्याचे. त्यांना इंग्रजी फारसं येत नसे, म्हणून अण्णा त्यांच्यासाठीच्या चिठ्ठ्या हिंदीत लिही.

घरी आला की तो जाड वह्यांत लढाऊ विमानाचा इतिहास लिहायचा, मराठीत. लाकूड, कापड आणि तारांची पहिली विमानं. समोर गोळ्या झाडताना स्वतःचाच पंखा फोडून घेणारे वैमानिक. मग पंख्याचं पातं आड आलं की बंदूक थांबवणारी जोडणी. मग धातूची कातडी. मग जेट आणि काही तासांतच उष्णतेने निकामी होणारी त्याची पाती. मग आवाजाच्या वेगाजवळ गेल्यावर हलेनाशी होणारी सुकाणं, आणि त्यावर तोडगा काढता काढता मागे वळवलेले पंख… जवळजवळ प्रत्येक पानावर कुणीतरी आपटलेला असायचा आणि हे सगळं तो मला जेवताना वाचून दाखवायचा.

"अण्णा, आमटी गार होतेय. याला नंतर पाड."

"अगं, हा पडला म्हणून पुढचा उतरला. सोपं गणित आहे, बाई!"

पुस्तक छापणार कधी, असं विचारलं की म्हणे, "अजून हवेत आहे, उतरू तर दे."

एकाहत्तरच्या युद्धाआधीचा पावसाळा सरत आला होता. शहर तसंही बिघडलेलं होतं. शाळेच्या भिंतीवर रोज नव्या घोषणा दिसत, दुपारी कुठेतरी बाँब फुटला की मुली आता दचकतसुद्धा नसत. डोक्यावरून विमानं वाढली होती. अण्णा नुसत्या आवाजावरून कुठलं ते सांगायचा. एका संध्याकाळी मात्र एक विमान घरावरून गेलं, ते कुठलं हे न सांगताच तो ताटावरून उठला. मी कारण विचारलं, तेव्हा त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

झालं होतं ते असं. विमानाच्या शेपटीची पट्टी हलवणाऱ्या दांड्याच्या बारा पिना तयार झाल्या होत्या. पट्टी हलली नाही तर विमानाचं नाक वर-खाली होत नाही, एवढं त्या पिनेचं महत्त्व. बारांपैकी एकीवर अण्णाला केसाएवढी रेघ दिसली. नुसता ओरखडा आहे की आत गेलेला तडा, हे बाहेरून तपासून आणायला हवं होतं. दुसऱ्या कामासाठी तो तीन दिवस बाहेर जाणार होता, म्हणून त्याने ट्रेला चिठ्ठी बांधली: 'संशोधन के बाद भेजना.' परत आला तर ट्रे रिकामा.

"ट्रे का माल कहाँ है?"

"भेज दिया, साहब. एक पर लकीर थी, घिसकर निकाल दी. बारहों को शीशे जैसा चमका दिया. पहचान नहीं पाइएगा!"

"किसने कहा?"

"आप ही ने तो लिखा है. संशोधन के बाद भेजना."

अण्णाने चिठ्ठी वाचली. त्याला म्हणायचं होतं, शोध घेतल्यावर पाठवा. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. रामसेवकजींनी दुरुस्ती केली होती. रेघ गेली होती, आणि खाली तडा असलाच तर तो तिथेच होता.

"हाँ," अण्णा त्यांना म्हणाला, "मैंने ही लिखा है." आणि चिठ्ठी खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर सियालदाहून बराकपूरची गाडी धरली. तिकिटं मीच काढली. डेपोतल्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे पिना शोधायला लावल्या. अकरा मिळाल्या. बारावी एका विमानात बसली होती आणि ते विमान पुढच्या तळावर गेलं होतं. तिकडे निरोप पाठवतो, असं तो म्हणाला. आठवड्याने अकरांच्या तपासणीचा निकाल आला: सगळ्या निर्दोष. मी गणित शिकवते. अकरा निर्दोष म्हणजे तडा असलाच तर तो बारावीत, हे मला निकालाचा कागद हातात असतानाच कळलं होतं. रेघ नुसता ओरखडा असेल तर काहीच बिघडलेलं नाही. तडा असेल तर… अण्णा म्हणाला, "निरोप पोचला असेल ना गं?" मी म्हटलं, "पोचला असेल." मला काय माहीत होतं?

डिसेंबरात युद्ध लागलं. आम्ही काचांना काळे कागद चिकटवले. विमान गेलं की अण्णा बोलता बोलता थांबे आणि आवाज पार विरेपर्यंत तसाच उभा राही. युद्ध तेरा दिवसांत संपलं, लोकांनी गल्लीत मिठाई वाटली. अण्णा पुन्हा बराकपूरला गेला. अधिकारी बदलला होता. त्याने रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं, "त्या क्रमांकाचं विमान आता यादीत नाही." का नाही, ते सांगता येणार नाही. निरोप पोचला होता का, तेही.

त्यानंतर त्याने वह्या पुढे लिहिल्या नाहीत. मागे गेला. पहिल्या पानापासून, प्रत्येक पडलेल्या विमानाच्या समासात वैमानिकाचं नाव लिहू लागला, ग्रंथालयांतून शोधून शोधून. जिथे नाव मिळालं नाही तिथे रेघ मारून जागा सोडली. 'सोपं गणित' पुन्हा कधी म्हणाला नाही.  

गेल्या रविवारी रामसेवकजी त्याचं भिंग आणि चष्मा घेऊन आले. चहा घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "दीदी, एक बात पूछूँ? लड़ाई वाले साल मुझसे कोई ग़लती हुई थी क्या? साहब ने कभी कुछ कहा नहीं."

तेव्हा मला कळलं की अण्णाने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. पिन घासली ती त्यांनी, आणि ते ओझं उचललं ह्याने, एकट्याने. आता ते माझ्या हातात होतं. खाली ठेवावं तर या माणसाच्या अंगावर पडणार.

"नहीं," मी म्हटलं. "जो लिखा था, आपने वही किया."

यात खोटं काही नाही. हे छापायला देताना मी त्यांचं नाव बदललं आहे आणि कारखान्याचं दिलेलं नाही. देवनागरी त्यांना वाचता येते.

ते उठले. मी म्हटलं, "नीचे का दरवाज़ा बस खींच लीजिएगा, ताला अपने आप लग जाता है."

ते जिन्याच्या तोंडाशी थांबले. "दरवाज़ा खींचना है, ताले को हाथ नहीं लगाना. ठीक समझा?"

"ऐसे क्यों पूछते हैं?"

"साहब की लगाई आदत है, दीदी. उसी साल से. कारख़ाने में अब सब ऐसे ही करते हैं. काम छोटा हो या बड़ा, पहले अपने मुँह से बताओ क्या समझे. क्यों, सो कभी बताया नहीं."

"ठीक समझे," मी म्हटलं.

ते सावकाश खाली उतरले. दार ओढल्याचा आवाज आला.