काळूच्या नावाचा कोंबडा

कोंबड्याच्या सागोतीसाठी कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटला की घरातल्यांना भूक लागते. मला मात्र माझे सासरे आठवतात आणि तोंड कडू होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. जामसंड्याला आमची हापूसची कलमं होती आणि ती राखायला काळू नावाचा कुत्रा. एका पहाटे रानडुकराने त्याची कूस फाडली. मी जखमेत हळद दाबली, पण रक्त थांबेना. गुरांचे डॉक्टर देवगडातच होते. त्यांना बोलवू या म्हटलं, तर मामंजी झोपाळ्यावरूनच म्हणाले, "कुत्र्याक डॉक्टर? पैशे काय कलमाक लागतत?"

त्यांचे पैसे कलमांनाच लागत होते, आणि ती कलमं काळूच राखत होता.

संध्याकाळी त्यांनी शेजाऱ्यांना गोळा केलं. बागेतल्या राखणदार देवाच्या दगडापुढे, डॉक्टरांच्या फीपेक्षा महाग कोंबडा धरून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या काळूक बरो कर."

"होय म्हाराजा," शेजारी म्हणाले. त्यांनाही जेवायचं होतंच.

देवाला रक्ताचे चार थेंब मिळाले आणि कोंबडा आमच्या चुलीवर आला. कांदा-खोबऱ्याचं वाटप मीच वाटलं. मामंजींनी दोन्ही तंगड्या खाल्ल्या, बोटं चाटली आणि चोखलेली हाडं पानावर गोळा करून माझ्यापुढे सरकवली.

"काळूक घाल गो. तेच्याच नावाचो कोंबो."

मी पान घेऊन पडवीत गेले. काळू थंड पडला होता. आतून मामंजी आणखी रस्सा मागत होते.