विंगेतली ॲट्रॅक्टा

किलमोरन गावच्या नाट्यमंडळीच्या जुन्या कागदांची एकूण तेवीस खोकी. त्यातली एकवीस ॲट्रॅक्टा गिलहूलीने स्वतःच्या हाताने भरली, सुतळीने बांधली. उरलेली दोन कॉन्सेप्टा टॅन्सीकडची. कॉन्सेप्टा म्हणजे मंडळीची कायमची नायिका आणि कायमची चिटणीस.

"जाळून टाकू गं, ॲटी," कॉन्सेप्टा म्हणाली होती. "मंडळी बंद पडून सात वर्षं झाली. कोण बघतंय हा कचरा?"

"गॉलवेच्या विद्यापीठात असले कागद जपून ठेवतात. आपण काय नाटकं केली नाहीत?"

"केली की. पण माझे चिटणिशीचे कागद राहू दे."

ॲट्रॅक्टाने तिचं ऐकलं नाही. अडतीस वर्षं विंगेत बसून दुसऱ्यांना शब्द पुरवले, कधी कसला हट्ट केला नव्हता, तो अडुसष्टाव्या वर्षी केला. शेवटी कॉन्सेप्टाच्या मुलाने ती दोन खोकी माळ्यावरून काढून विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाडीत टाकली. चिटणिसाचे कागद दुसऱ्याने वाचायचे नाहीत, ही मंडळीची जुनी रीत. म्हणून ॲट्रॅक्टाने ती उघडलीसुद्धा नाहीत.

मग विद्यापीठातून, तिथे कागद सांभाळणाऱ्या ऑर्लाथ हेनेगनबाईंचा फोन आला. फोटोंच्या मागे नावंच नाहीत, जरा येऊन चेहरे ओळखाल का? तेव्हापासून दर मंगळवारी ॲट्रॅक्टा बसने गॉलवेला जायला लागली. कागद बघायच्या खोलीत शिरताना पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आत न्यायची, खडीसाखरेची पुडीही बाहेरच. तिला ती शिस्त आवडली. हा खाटीक, याने तीन वर्षं पाद्री केला. ही डिस्पेन्सरीतली नर्स, हिला हसू आवरायचं नाही. सगळ्यांची नावं तिला येत होती, आणि कोण कुठल्या वाक्याला अडखळायचा तेही.

"तुम्ही यात कुठेच कशा नाही हो?" ऑर्लाथबाईंनी एकदा विचारलं.

"विंगेतला फोटो कोण काढतो, बाई?"

तशी ती एकदा रंगमंचावर आली होती. १९७१ साली, तेवीस वर्षांची असताना, पोस्टमास्तरणीच्या मुलीची छोटीशी भूमिका. वसंतातल्या नाट्यमहोत्सवात खेळ संपला की परीक्षक रंगमंचावर येऊन सगळ्या गावासमोर नाटकाची चिरफाड करतात. त्या दिवशी परीक्षकांचा सगळा वेळ नेपथ्यातल्या कलत्या दारावरच गेला. बाकीचं लेखी कळवतो म्हणाले. लेखी कागद चिटणिसाकडे यायचा आणि चिटणिसाने तो बैठकीत मोठ्याने वाचायचा. एकच प्रत, एकाच्याच हातात.

चर्चच्या पॅरिश हॉलमधल्या शेगडीभोवती सगळे बसले होते. कॉन्सेप्टा वाचत होती. दाराबद्दल, प्रकाशाबद्दल, मग जरा थांबून, "पोस्टमास्तरणीच्या मुलीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. तिला पुन्हा रंगमंचावर आणू नये, यातच तिचं हित आहे." कुणी मान वर केली नाही. दिग्दर्शक शेगडीतले कोळसे उगाच हलवत राहिले. बाहेर पडताना कॉन्सेप्टानेच तिच्या दंडाला धरलं. "रडतेस काय वेडे? माझ्याजवळ विंगेत बस. तू नाटकाचं पुस्तक धरलंस की मला धीर येईल."

ती बसली. नुसती बसली नाही, त्या कामात मुरली. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे तिला त्याच्या हातावरून कळायचं. कॉन्सेप्टा विसरली की अंगठा मुठीत घ्यायची. त्याच क्षणी ॲट्रॅक्टाचा शब्द तिच्यापाशी पोचलेला असायचा, पहिल्या रांगेलाही पत्ता लागायचा नाही. पण त्या कागदाने तिचं बाकीचंही बोलणं दबलं. चर्चमध्ये पाठ वाचायला बोलावलं तर ती नको म्हणायची. ती पोस्टात नोकरीला होती, तिथल्या खिडकीवर लोक कान पुढे करून म्हणायचे, "काय म्हणालीस, ॲटी? तिकीट विकतेस की पाप कबूल करतेस?"

आणि या मंगळवारी ऑर्लाथबाईंनी चिटणिसाच्या खोक्यातलं एक तपकिरी पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

"यातली पोस्टमास्तरणीची मुलगी कोण होती? कुठे नाव नाही."

ॲट्रॅक्टाने चष्मा लावला. टंकलिखित कागद, खाली परीक्षकांची सही. कलतं दार होतं. प्रकाश होता. मग होतं, "पोस्टमास्तरणीची मुलगी बोलू लागली तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसाने खोकणं थांबवलं. आवाज मोठा नाही, पण जिथे पोचायचा तिथे पोचतो. पुढच्या वर्षी नायिका हिला द्यावी. आताच्या नायिकेला हिच्याकडून स्तब्ध उभं राहणं शिकता येईल."

तिने ते पुन्हा वाचलं. मग कागद उलटून पाहिला, जणू तिने ऐकलेलं वाक्य मागच्या बाजूला असेल.

"मीच होते ती," ती म्हणाली.

"अय्या! मग हा आपण ईस्टरच्या प्रदर्शनात लावूया. तुमच्याच गावच्या लायब्ररीत आहे. चालेल ना?"

ॲट्रॅक्टाने पेन्सिल उचलली.

गुरुवारी नेहमीप्रमाणे ती कॉन्सेप्टाकडे गेली. कॉन्सेप्टाने चहा ओतला, मनुकांच्या पावाला लोणी लावलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून सुरी खाली ठेवली.

"सापडला वाटतं."

"तू ते वाक्य तिथल्या तिथे रचलंस?"

"नाही. दोन दिवस पाठ करत होते." कॉन्सेप्टाने ॲप्रनची कड बोटांभोवती गुंडाळली. "मला बत्तिसावं लागलं होतं, ॲटी. तीन पोरं, गुडघाभर चिखलातलं शेत, आणि सासू. वर्षातून ते चार प्रयोग, तेवढंच माझं होतं. तुला पोस्टातली नोकरी होती, कुणाची धुणी नव्हती."

"म्हणून माझा आवाज घेतलास?"

"पुढच्या वर्षी सांगणार होते. देवाशपथ. पण तू पुस्तक धरायला लागलीस, आणि मग तुझ्याशिवाय मला उभंच राहता येईना. तू काय दुःखी होतीस का? सांग ना! तुझ्यासारखी प्रॉम्प्टर अख्ख्या स्लायगो जिल्ह्यात नव्हती!"

"अडतीस वर्षं तू विसरलीस की मी सांगत होते, कॉन्सेप्टा. आणि तू हे मात्र कधी विसरली नाहीस."

कॉन्सेप्टाने कप दूर सारला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ईस्टरला लायब्ररीत आपल्या कागदांचं प्रदर्शन आहे म्हणे, त्यात तोही लावतील. माझी नातवंडं येतील गं बघायला. तू एक शब्द टाकलास तर ती बाई काढून ठेवेल."

"टाकणार नाही."

"मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे!"

"मीही तेवीसची राहिले नाही. कागद भिंतीवर लागेल, कॉन्सेप्टा. खाली माझं नाव मी परवाच पेन्सिलने लिहून आले."

"मग जाळला का नाही असं तरी विचार!"

"नाही विचारत. तू कुठलाच कागद टाकत नाहीस, हे मला माहीत आहे. तुझं सगळंच मला माहीत आहे असं वाटत होतं."

चहा तसाच राहिला. ॲट्रॅक्टाने कोट चढवला. दारापर्यंत पोचवायला कॉन्सेप्टा उठली नाही.

टेकडीवरून गावाकडे उतरताना दोन्ही बाजूंना नुसत्या दगडी कुंपणाच्या भिंती आणि मेंढ्या होत्या. ऐकायला कुणी नव्हतं. ॲट्रॅक्टा थांबली. पोस्टमास्तरणीच्या मुलीचं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून बघावं असं तिच्या मनात आलं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं. कॉन्सेप्टाचं त्या प्रवेशातलं भाषण तिला अक्षर न् अक्षर आठवलं, पाद्र्याचं आठवलं, अगदी दार कलल्यावर खाटकाने पदरचं घातलेलं वाक्यही आठवलं. स्वतःचं एकही आठवेना. नाटकाचं पुस्तक बघावं तर त्या वर्षीची प्रत तिच्याकडे नव्हतीच. त्या वर्षी विंगेत दुसरंच कुणी बसलं होतं, आणि त्याने काही जपून ठेवलं नव्हतं.

 ॲट्रॅक्टा तोंड मिटून उतरणीला लागली.