पाय किती वेळा टेकला

सायकल न चालवणाऱ्या माणसाला सायकलवरचं अंतर सांगू नये. तो लगेच स्टेशनं मोजायला लागतो. आमच्या भोईवाड्यात कुणाला मी म्हटलं की सकाळी सायकलने गिरगावात, फणसवाडीला जाऊन आलो, की समोरचा बोटं पुढे करून परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा असं सुरू करतो आणि मशीद बंदरापर्यंत येता येता त्याचे डोळे कपाळात जातात. "काय सांगता काका! या वयात?" जसा काही मी रुळांवरूनच सायकल नेली होती. हीच माणसं मला शनिवारी संध्याकाळी मिरच्यांची पिशवी घेऊन लालबागला मसाला कुटून आणायला निघालेला बघतात, तेव्हा मान हलवून पुढे जातात. लालबाग जवळ आहे ना! त्या गर्दीत कॅरियरवर पिशवी बांधून, हातगाड्या आणि माणसं चुकवत सायकल काढणं म्हणजे काय असतं, ते त्यांना कुठून माहीत असणार? माझा शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो तो त्या दिवशी.

सायकल चालवणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. माझा मुलगा दादरला राहतो, लोअर परळला एका काचेच्या ऑफिसात काम करतो आणि रविवारी सकाळी मित्रांबरोबर सायकल चालवतो. त्याची सायकल एका हाताने उचलता येते. मनगटावर घड्याळ असतं. ते किलोमीटर सांगतं, चढ किती मीटर चढला ते सांगतं, छातीचे ठोके सांगतं आणि शेवटी निकालही देतं: सोपी, मध्यम की कठीण. त्याला फणसवाडीचं सांगितलं तर म्हणाला, "पप्पा, सात किलोमीटर, आणि सगळं फ्लॅट. आम्ही त्याला राइड म्हणतच नाही." घाट चढला तर ती सायकल, नाहीतर नुसता फेरफटका.

मला दोघांचाही राग येतो. एकाला वाटतं मी मरायला निघालोय आणि दुसऱ्याला वाटतं मी कुठे गेलोच नाही.

एकतीस वर्षं मी भोईवाड्याहून रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कामाला गेलो, सायकलवरून. ओंडक्यांची मापं घ्यायचं काम. वडील गिरणीत होते, ते चालत जायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ही चोवीस इंची काळी सायकल घेऊन दिली. एकतीस वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा रे, कठीण जातं का. माझं मोजमाप तेव्हापासून एकच आहे, पाय किती वेळा टेकला. सायकल उंच, सीटवर बसून माझा पाय जमिनीला पोचत नाही. थांबायचं म्हणजे सायकल कलती करून खाली उतरायचं, आणि पुन्हा निघायचं म्हणजे डावा पाय पायडलवर, उजव्याने दोनदा जमीन ढकलायची आणि टांग मागून पलीकडे टाकायची. एकदा चालायला लागली की ती आपली आपण जाते. कष्ट सगळे थांबण्यात आणि निघण्यात. म्हणून सिग्नल लांबूनच बघून वेग कमी करायचा, टॅक्सीवाला वळणार की नाही ते त्याच्या मानेवरून ओळखायचं, बसच्या मागे रेंगाळायचं, पण पाय खाली लावायचा नाही. रे रोडला जाताना चार वेळा टेकला तर दिवस चांगला, आठ वेळा टेकला तर वाईट. फणसवाडीला आता दहा-बारा वेळा टेकतो.

फणसवाडीत माझा वखारीतला जुना जोडीदार राहतो, मालवणकडचा. लकव्याने त्याचा उजवा पाय गेला. दोन वर्षं तो दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी त्याच्याकडे जातो, चहा पितो, पेपरातल्या बातम्यांवरून भांडतो आणि परत येतो. आजारी मित्राकडे जातो म्हटलं की लोकांना बरं वाटतं, म्हणून मी तेच सांगतो. खरं सांगायचं तर तो तिथे नसता तर मी दुसरीकडे कुठे तरी गेलो असतो. मला सायकल चालवायची असते. अडुसष्टाव्या वर्षी ही एकच गोष्ट अशी उरली आहे, जी करताना मला कुणी "तुम्ही बसा, आम्ही करतो" असं म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मी पडलो. भोईवाड्याच्या कोर्टासमोरच. कुणी धडक दिली नाही, चूक माझी होती. पँटला क्लिप लावायला विसरलो, पँट चेनमध्ये अडकली आणि मी सायकलसकट आडवा झालो. कोपर खरचटलं. असा तरुणपणी मी तीनदा पडलोय, तेव्हा लोक हसले होते. या वेळी कुणी हसलं नाही, तिथेच मला संशय आला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तिथून चालल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताला धरून मला घरी आणलं, आणि मी चप्पल काढेपर्यंत बायकोने मुलाला फोन लावलेला होता.

संध्याकाळी मुलगा आला तो सगळं ठरवूनच आला. काळी सायकल त्याच्या बिल्डिंगच्या वॉचमनला द्यायची आणि माझ्यासाठी घरात चालवायची सायकल आणायची. ती खिडकीपाशी ठेवायची आणि जागच्या जागी पायडल मारत बसायचं.

"त्याच्यावर बसून मी कुठे जायचं?" मी विचारलं.

"पप्पा, प्लीज. व्यायाम तोच होतो."

"मग तूही तीच आण की. घाटात कशाला मरायला जातोस?"

बायको मध्ये पडली. "अहो, त्याच्यावर काय चिडता? पडलात तुम्ही. मागून एखादी गाडी आली असती म्हणजे?"

"तुला वाटतं हे फार कठीण आहे," मी म्हटलं. "याला वाटतं हे काहीच नाही. आणि दोघं मिळून मला सांगताय की बंद करा. हे कसं काय?"

मग मुलगा म्हणाला, "ठीक आहे. या रविवारी मी येतो तुमच्याबरोबर, फणसवाडीपर्यंत आणि परत. मला नीट वाटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही वाटलं तर सायकल द्यायची." मी हो म्हणून बसलो. एकतीस वर्षं चालवलेल्या सायकलची परीक्षा मी पोटच्या पोराच्या हातात दिली, याची चीड रविवारपर्यंत माझ्या डोक्यातून गेली नाही.

रविवारी सकाळी तो हेल्मेट, काळा चष्मा आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून हजर. बायको खाली सोडायला आली आणि त्याला म्हणाली, "पुढे राहा रे त्यांच्या. सांभाळून ने." त्याने आईचा शब्द अगदी तंतोतंत पाळला.

परळच्या नाक्यावर सिग्नल हिरवा होता. तरी तो थांबला, मागे वळून त्याने हात वर केला. "थांबा पप्पा, बस जाऊ दे." मी उतरलो. लालबागच्या पुलाखाली एक टॅक्सी बरीच लांब होती. "थांबा." उतरलो. चिंचपोकळीला एक बाई रस्ता ओलांडायच्या विचारात होती, नुसत्या विचारात. "थांबा." भायखळ्याला तर त्याने हात करून एक टेम्पो अडवला, माझ्यासाठी. टेम्पोवाला बिचारा खरंच थांबला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आओ चाचा, आराम से." आता मागच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उतरलो आणि सायकल हाताने ढकलत चौक ओलांडला. लाज वाटली मला. पायधुनीपर्यंत चाळीस वेळा पाय टेकला, पुढचं मोजणं मी सोडून दिलं. दर वेळी उतरा, ढकला, टांग टाका. भुलेश्वरच्या गल्लीत मांडीत गोळा आला आणि टांग वर जाईना, ती कॅरियरला आपटली. मुलगा लगेच जवळ आला. "पप्पा, दमलात तुम्ही. परत टॅक्सीने जाऊ या. सायकलचं मी बघतो."

ते "बघतो" माझ्या बरोबर लक्षात आलं. मी सायकलवरूनच फणसवाडी गाठली.

मित्राच्या खोलीत मी खुर्चीवर बसलो तो बसलोच. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आज इतको कसो दमलंस रे?" तो म्हणाला. "चालत इलंस काय?"

तो गंमत करत होता, पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. शुक्रवारी याच रस्त्याने, याच सायकलवरून मी आलो होतो आणि याच खुर्चीत बसून सरकारला शिव्या देत होतो. तेव्हा मी दमलेला नव्हतो. मी मुलाकडे वळलो.

"किती वेळा थांबवलंस मला?"

"पप्पा, सेफ्टीसाठी..."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"तुझं घड्याळ सगळं मोजतं, हे नाही मोजलं? मी मोजलं. पायधुनीपर्यंत चाळीस. एकटा येतो तेव्हा इथपर्यंत दहा-बारा. सकाळपासून रस्ता कठीण नव्हता, तू कठीण होतास."

त्याचा चेहरा पडला. तो माझ्या काळजीनेच आला होता, हे मला कळत होतं, आणि मित्रासमोर बोललो याचं वाईटही वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही. काळजी करणाऱ्या माणसालाही कधीतरी कुणी तरी सांगायला हवं. चहा झाल्यावर मी म्हटलं, "आता मी पुढे, तू मागे. घर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

परतीला मी माझ्या पद्धतीने चालवली. लांबून सिग्नल बघत, रेंगाळत, फटी शोधत. भायखळ्यापर्यंत पाचदाच पाय टेकला. मागून आवाज आला, "पप्पा, इतकं सावकाश मला नाही जमत. माझा तोल जातोय."

"शिक," मी म्हटलं आणि वळूनसुद्धा बघितलं नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं. पण लालबागला ऊन चढलं होतं, सकाळचा गोळा मांडीत परत आला आणि मला श्वास लागला. कुणी थांबवलं नाही, मीच थांबलो. सायकल खांबाला टेकवली आणि खांबालाच धरून उभा राहिलो. मुलगा शेजारी येऊन थांबला. तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्याने उघडलं नाही. नुसता बघत राहिला. मला भीती वाटली. पडायची नाही, त्याच्या त्या बघण्याची. पाच मिनिटांनी मी पायडलवर पाय ठेवला. पहिल्यांदा टांग गेली नाही. दुसऱ्यांदा गेली.

घरी आलो तर दारात बायको आणि वहिनी दोघी उभ्या. बायकोने मला पाणी दिलं आणि विचारलं मुलाला. "कसं झालं रे? झेपलं का त्यांना?"

मुलाने तोंड उघडलं, तेवढ्यात मी ग्लास खाली ठेवला. "त्याला काय विचारतेस? सायकल मी चालवली. मला विचार."

बायको माझ्याकडे वळून नीट म्हणाली, "बरं, सांगा. कठीण गेलं?"

सगळ्यांना वाटत होतं मी नाही म्हणणार. मलाही तसंच वाटत होतं. कठीण म्हटलं की सायकल जाणार, हे मला माहीत होतं. पण मी का खोटं बोलू? झेपतंय तोवरच करायचं, आणि कठीण झालं की मुकाट्याने खिडकीपाशी जाऊन बसायचं, हे कुणी ठरवलं?

"कठीण गेलं," मी म्हटलं. "लालबागला श्वास लागला. टांग पहिल्या खेपेला गेली नाही. मांडी अजून ठणकतेय. फार कठीण गेलं. आणि मंगळवारी मी परत जाणार आहे."

मुलाने हेल्मेट काढलं आणि घाम पुसला.

"पप्पा," तो म्हणाला, "मंगळवारी मला ऑफिस असतं."

"मग जा ऑफिसला," मी म्हटलं. "तुला कुणी बोलावलंय?"