गच्चीवर पसरलेली लुगडी

गेल्या वर्षी परतीच्या पावसात खाडी आमच्या चौलच्या घरात शिरली आणि आईच्या कपाटातली लुगडी पाणी ओसरेपर्यंत गढुळात भिजत पडली. आयुष्यभर जमवलेली लुगडी ती. गावात एखादी म्हातारी गेली आणि सुनांनी तिची लुगडी बोहारणीला द्यायला काढली, की आई दारात हजर, "मला द्या गं!" किती करवादायचे मी तिच्यावर! आता एकेक चिंब गठ्ठा उचलताना माझाच जीव गोळा होत होता.

त्यात एक लुगडं मात्र तिचं स्वतःचं होतं, हिरवं, लाल काठांचं. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. आईच्या माहेरी एकटा मामा उरला होता. त्यानं शेवटच्या दुखण्यात ते आधीच आणून दिलं. "माझ्यामागे कोण आणणार तुला?" म्हणाला. मग तोही गेला.

घरभर चिखल, कोरडी जागा म्हणजे फक्त गच्ची. पाणी चढायच्या आत बाबांनी ओल्या सुपारीची पोती तिथं नेऊन ओतली होती. वर्षाचं पीक, वाचवायला नको? शेजारच्या बायका धावून आल्या, सुपारी कोपऱ्यात लोटली आणि लुगडी त्याच फरशीवर पसरली. ऊनही पडलं, सगळ्यांना हायसं वाटलं. ओल्या सुपारीचा रस खाली उतरतो आणि त्याचा डाग जन्मात जात नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर सुपारी सोलायला आम्ही फाटके कपडे घालतो. पण त्या दिवशी कुणाच्या म्हणून डोक्यात आलं नाही. आईच्याही नाही.

संध्याकाळी मुंबईच्या, जुनी वस्त्रं जपणाऱ्या एका जाणकार बाईंना फोन लागला. "उन्हात घालू नका, गोड्या पाण्यात नुसतं बुडवा, पिळू नका, सावलीत आडवं ठेवा." अहो, आता सांगून काय उपयोग! विहीरसुद्धा खारट झालेली. टँकरचं पाणी परातीत घेऊन एकेक लुगडं बुडवलं, मच्छरदाणीवर अलगद उचललं, जुन्या पंच्यांनी टिपलं. तरी कित्येक घडीवरच फाटली, रंग एकमेकांत उतरले, जरीचे काठ काळे पडले. हिरव्या लुगड्यावर तर मधोमध तपकिरी डाग, पार पदरापर्यंत ओघळलेला. पुन्हा पुन्हा पाण्यात धरला, जराही हलला नाही. संतापून मी परात लाथाडली आणि तिथंच बसून रडले.

आई रडली नाही. वाळलेलं लुगडं तिनं मांडीवर घेतलं, डाग आत जाईल अशी घडी घालायला लागली.

"राहू दे गं आई, कोण बघतंय आता?"

"माझ्यावर घालाल तेव्हा बघतील ना," ती म्हणाली. "डाग खाली घ्या हो. नाहीतर लोक म्हणतील, भावानं बहिणीला जुनेर धाडलं."