उजेडमामा आत गेले

माझे मामा काय करतात असं शाळेत कोणी विचारलं, की मी सांगायचो, "ऊन फेकतात." वर्ग हसायचा. पण त्यांचं काम खरोखर तेच होतं.

गावाबाहेरच्या डोंगरात जुनी बौद्ध लेणी आहेत. त्यातल्या सगळ्यात खोल दालनात, दगडातच कोरलेली मोठी बुद्धमूर्ती आहे आणि तिथं भर दिवसा अंधार. दुपार कलली की मामा बाहेरच्या ओट्यावर एक घासूनपुसून लख्ख केलेला पत्रा धरून उभे राहायचे. पत्र्यावर ऊन झेलायचं आणि दारातून आत, थेट मूर्तीच्या चेहऱ्यावर सोडायचं. आतली माणसं एकदम गप्प व्हायची. बाहेर मामांच्या नाकावर माशी बसली तरी पत्रा तसूभर हलायचा नाही. "मूर्ती हलते का? मग उजेडानं का हलावं?" हा त्यांचा बाणा. लोक त्यांना उजेडमामा म्हणत.

मग लेण्यात विजेचे दिवे बसवायचं ठरलं. दिवेवाले यायच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना मामा हळूच म्हणाले, की आपण तो चेहरा उन्हात कधी बघितलेलाच नाही.

मामींनी कप खाली ठेवला. "अहो, मग इतकी वर्षं तिथं करत काय होता?"

"बाहेर होतो ना मी."

दालन झाडताना बॅटरीच्या उजेडात कधी कान, कधी हनुवटी दिसली होती, तेवढंच. पत्रा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तर तसा हात त्यांना जन्मात भेटला नव्हता. मी माझे हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट बघितले, भाजी निवडताना बघतात तसे, आणि परत दिले. तोवर पत्रा मामींनी काखोटीला मारला होता.

दुपारी मामींना ओट्यावर उभं करून मामा आणि मी आत गेलो. ऊन आलं ते आधी छतावर, मग माझ्या डोळ्यांत, मग मूर्तीच्या गुडघ्यावर. मामा ओरडत होते, वर घे, डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे. उजेड चेहऱ्यावर पोचला, तरी मामांची नजर उजेडाच्या कडेवरच. कड थरथरतेय म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता. तिकडे डोंगराची सावली ओट्याकडे सरकायला लागलेली.

शेवटी मामीच बाहेरून म्हणाल्या, "आता माझ्या हाताकडे बघू नका. ज्याच्यासाठी आलात ते बघा."

आणि त्या कोणाशी तरी बोलायला लागल्या. पायऱ्यांवर दमून बसलेल्या एका बाईंना त्या गुडघ्याचं औषध सांगत होत्या. मामींना हात न हलवता बोलता येत नाही. पत्रा हलला, ऊन ओठांच्या कडेवरून गालाकडे सरकलं, परत आलं, आणि मूर्ती हसली. मी शपथेवर सांगतो, हसली.

मामांनी माझा दंड धरला. बाहेर औषध सांगून संपलं, पत्रा स्थिर झाला. चेहराही पुन्हा शांत झाला.

"अगं," मामा आतून ओरडले, "बोलत राहा."

मामी बोलत राहिल्या. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले, ऊन पुरतं सरेपर्यंत.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मामी विचारत होत्या, "कसं आहे हो?"

मामा म्हणाले, "आपली धाकटी पाळण्यात झोपेत हसायची ना? ते हसून झाल्यावर जे तोंडावर उरायचं, तसं."

मामी अंधाऱ्या दाराकडे बघत राहिल्या. "मग मला नको का बघायला?"

लेण्यांवरच्या साहेबांनी बस म्हटलं तर बसणारे, ऊठ म्हटलं तर उठणारे आमचे मामा. त्यांनी पत्रा पुसला, काखेत घेतला आणि म्हणाले, "उद्या दुपारी ये. दिवेवाल्यांना म्हणावं, वायर परवा ओढा."

मग मामींच्या हातांकडे बघत, "फक्त तसा हलवायचा कसा, ते मला घरी शिकव."