पत्रावळीला काठ नसतो

काही लोक पानात अन्न टाकतात आणि वर तृप्तीचा ढेकर देतात. गुन्हेगार आहेत ते! शेजारच्या गावात पोरं रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याबरोबर गिळतात आणि हे लाडू अर्धा चावून ठेवून देतात. यांना लाज वाटत नाही?

हे भाषण मी दोन वर्षांपूर्वी दिवसातून निदान चारदा करत असे. आता करत नाही. का करत नाही, तेच सांगतो. चहा घ्या, गार होईल.

कॉलेजातल्या आम्हा सहा-सात जणांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष मी. धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा, आणि लग्नाच्या पंगतीत मात्र उकिरडे भरून उष्टं! आम्ही लग्नघरी जायचो, मांडवात पाट्या लावायचो, पंगत उठली की पानं तपासायचो. ज्यानं टाकलं त्याचं नाव पत्र्याच्या भोंग्यातून पुकारायचं. ही कल्पना माझी. खादीच्या पांढऱ्या पिशव्याही केल्या होत्या. माझ्या पिशवीवर मी स्वतः लाल रंगानं लिहिलं होतं: 'एक शीतही वाया जाऊ देणार नाही.' रंग पक्का होता. हे लक्षात ठेवा.

आता या देशसेवेत जेवायला वेळ कुणाला? सकाळी चहा, दुपारी चहा, सभेनंतर चहा. व्हायचं तेच झालं. पोटात व्रण झाला, एके दिवशी रक्ताची उलटी झाली आणि मला नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेऊन टाकलं. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जठराचा दोन तृतीयांश भाग काढला आहे."

"मग उरलं किती?"

"तुमच्या मुठीएवढं. एका वेळी एक वाटी जेवायचं. दिवसातून सहा वेळा. सावकाश चावायचं, गोड जपून. आणि पोट भरलं असं वाटेल तेव्हा थांबायचं नाही."

"नाही?"

"त्याच्या दोन घास आधी थांबायचं. कारण वाटेल तेव्हा उशीर झालेला असेल."

हे मी वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिलं की काम झालं अशी सुशिक्षितांची एक समजूत असते.

तीन महिने आईनं वाटीनं मोजून जेवू घातलं. वाटीत भात शिगोशीग दिसायचा, डोंगरासारखा. वजन इतकं उतरलं की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. गंमत म्हणजे भूक मात्र अजून जुन्याच पत्त्यावर येत होती! डोळ्यांनाही कुणी कळवलं नव्हतं की आत घर लहान झालं आहे.

अशात सावनेरला मामाच्या मुलीचं लग्न निघालं.

मामा म्हणजे भाऊराव. शेतकरी माणूस, मनानं मोठा, पण बोलीला पक्का. मी त्याला गाठलं. म्हटलं, "मामा, तुमच्या मांडवात मंडळ येणार. अन्न वाचेल. वाचलेले दोन पोती तांदूळ गावच्या वसतिगृहाला द्या. चाळीस पोरं आहेत, भात पाहिलेला नाही त्यांनी कित्येक महिन्यांत."

मामानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "अन् नाही वाचलं तं?"

"पहिल्या पंगतीत एका जरी पानात काही राहिलं, तर एक दाणा देऊ नका."

"एकाही पानात? व्याह्यायच्याही?"

"व्याह्यांच्याही."

"अन् तुह्या?"

मी हसलो. हसलो हो! "माझ्या पानाची चिंता तुम्ही करू नका."

लग्न लागलं. पहिली पंगत वरपक्षाची. आदर्श घालून द्यायला त्यात मीही बसलो. माझ्या शेजारी नवरदेवाचे मामा, नानाजी. मांडी घालून बसले तर दोन पाटांची जागा. मांडवाच्या तोंडाशी आमचा वसंता भोंगा घेऊन उभा. वसंता म्हणजे मंडळाचा सगळ्यात कडक कार्यकर्ता. त्यानं एकदा स्वतःच्या वडिलांचं नाव पुकारलं होतं. मीच त्याची पाठ थोपटली होती.

वाढायला मामा स्वतः आला. पळसाची ही एवढी पत्रावळ! तिच्यावर त्यानं भाताची एक मूद टाकली. आता तुम्हीच सांगा, घरी वाटीत डोंगर दिसणारा भात पत्रावळीवर कसा दिसेल? कावळ्याला ठेवल्यासारखा! वाटीला काठ असतो, तो सांगतो, बाबा रे, बस. पत्रावळीला काठ नसतो.

"इतकाच?" मी म्हणालो.

मामाचे डोळे भरून आले. "घे बाप्पा घे, कसा वाळून गेला! आता तं पोट नवं करून आनलं ना तू? मंग जेव की पोटभर!"

ऑपरेशन म्हणजे विहिरीतला गाळ काढणं, आता पाणी जास्त राहणार, असा मामाचा हिशेब. आणि मी तो दुरुस्त केला नाही. का? तर अध्यक्ष आजारी आहे हे व्याह्यांना कशाला कळायला हवं! तीन मुदी भात, वर वरण, दोन पोळ्या, वांग्याची रस्सा भाजी, कढी, बुंदीचे दोन लाडू. मी हात आडवा केला नाही. उलट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जो संपवणार आहे त्यानं खुशाल घ्यावं!"

आणि तुटून पडलो. सावकाश चावायचं वगैरे वहीत होतं, वही नागपूरला होती.

आठ-दहा घास झाले असतील. आतून एकदम कुणीतरी दार लावून घेतलं. हळूहळू नाही, धाडकन! त्यापुढचा घास गळ्याशी येऊन उभा राहिला आणि पुढे जागा नाही म्हणाला. पानाकडे पाहिलं. भाताला नुसतं एक भोक पडलं होतं.

पंगतीतून मधेच उठता येत नाही. सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं. उठलो तर पान तिथंच राहणार. मला ती चाळीस पोरं दिसायला लागली. तो वसंताही दिसत होता. तो तर खराच उभा होता.

नानाजींचं पान तोवर लख्ख झालं होतं. मी त्या रिकाम्या पानाकडे आशेनं पाहिलं. इकडची एक पोळी तिकडे सरकवता आली तर? पुन्हा पाहिलं. नानाजींनी माझी नजर पकडली आणि गरजले, "अरे, ह्या पोट्ट्याकडं कोनी पाहता का नाही गा? लाजून राह्यला बिचारा! माह्या पानात पाहून राह्यला! आना लाडू!"

"नको, नको, नानाजी..."

"नको काहून? ह्या वयात आमी वीस खात होतो!"

आणखी दोन लाडू आले. एक तर नानाजींनी आपल्या हातानं माझ्या तोंडात कोंबला. पाच मिनिटांत मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. गोड जपून!

आता जो प्रसंग सांगतो त्यात माझ्या डोक्याचा वाटा फार थोडा आहे. हात आपोआप चालला. मांडीवर पिशवी होती. नानाजी ताक मागत होते, मामा दुसऱ्या टोकाला होता, वसंता शिंकत होता. पोळ्या गेल्या. भात गेला. लाडू गेले. वांगीही गेली, रश्श्यासकट. अर्ध्या मिनिटात पान असं साफ, की त्यात तोंड दिसावं!

पंगत उठली. वसंता पानं पाहत पाहत शेवटाला गेला आणि भोंगा तोंडाला लावून ओरडला, "पहिली पंगत! एकाही पानात एक शीत नाही! अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाचा चेहरा फुलला. मी खांद्याला पिशवी लावून उभा राहिलो. पिशवी गरम होती. म्हणालो, "बंधूंनो, अन्न टाकणं हा..."

"वा रे वाघा!" म्हणत नानाजींनी मला कवेत घेतलं. कवेत म्हणजे काय, दाबलंच. पिशवी आमच्या दोघांच्या मधे होती.

आवाज फार मोठा झाला नाही. नानाजी बाजूला झाले तेव्हा त्यांच्या नव्याकोऱ्या टेरिलिनच्या सदऱ्यावर एक वांगं होतं. देठासकट. पिशवीतून एक लाडू निघाला आणि घरंगळत मामाच्या पायाशी जाऊन थांबला.



वसंतानं भोंगा उचलला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि पुकारलं हो त्यानं माझं नाव! वडिलांच्या नावासकट.

मग सगळं सांगावं लागलं. धंतोली, दोन तृतीयांश, मूठ, वाटी.

नानाजी सदऱ्यावरचं वांगं काढत म्हणाले, "अरे पन मुठीयेवढं पोट हाये तं इतकं घेतलं काहून?"

"पत्रावळीवर कमी दिसत होतं," मी म्हणालो.

यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मामानं पायाशी आलेला लाडू उचलून त्यावरची धूळ फुंकली. "बोली म्हंजे बोली," तो म्हणाला. "पन अर्ध्या पोटाच्या मानसाची बोलीबी अर्धीच धरतो. एक पोतं ने."

एक पोतं गेलं वसतिगृहात. दुसरं माझ्या पिशवीत गेलं असंच मी समजतो.

दुपारी ओसरीवर पडून होतो. भांडी घासायला आलेली पार्बताबाई आली. म्हातारी, कधी शाळेचं तोंड न पाहिलेली. तिनं पिशवी स्वच्छ धुऊन, पिळून आणली होती. उन्हात धरून, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "रश्श्याचे डाग तं गेले बापू, पन हे लाल लाल काय लागलं हाये, ते लय घासलं, निघूनच नाही राह्यलं."